संबंधित व्यक्ती

पाकिटाचा कोपरा उचकटलेला होता. फार नाही, नखभर. पण लोकांचे कपडे उलटे करून बघण्यात माझी चाळीस वर्षं गेली आहेत, मला नखभर पुरतं. सूनबाईने पाकीट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "आई, तुमच्या नावाचं आलंय. सरकारी आहे. वाचून दाखवू का?" मी म्हटलं, "माझ्या नावाचं आहे ना? मग माझ्या हातात दे." तिने दिलं, पण लगेच सोडलं नाही. क्षणभर ते पाकीट आम्हा दोघींच्या हातात होतं आणि तेवढ्यात मी तिच्या तोंडाकडे बघून घेतलं. तोंड स्वच्छ होतं. फार स्वच्छ तोंड दिसलं की मला आधी वाटतं, हे नुकतंच धुतलंय. पाकिटावर ठळक छापलं होतं, फक्त पत्त्यावरील व्यक्तीने उघडावे. ठळक अक्षरं मी वाचते. बारीक अक्षरांशी माझं जमत नाही, ती एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी दिसतात. शाळेत मी चौथीच्या निम्म्यापर्यंत गेले, पुढची निम्मी धाकट्या बहिणीला कडेवर घेण्यात गेली. त्याची लाज मी कधी बाळगली नाही. ज्यांना बारीक अक्षरं येतात त्यांच्या शर्टांच्या कॉलरी मी पाहिल्या आहेत.

आमची लाँड्री घराच्या खालीच आहे. पुढे काउंटर, मागे वाफेच्या इस्त्रीची दोन टेबलं आणि त्यामागे चादरी वाळत घालायची लांब खोली. ओल्या चादरींच्या रांगांमागे जाऊन उभं राहिलं की मी दुकानात आहे की नाही हे कुणाला सांगता येत नाही. मी तिथे पत्र उघडलं. वाचायला तीन दुपारी लागल्या. पहिल्या दुपारी 'महोदया' ओलांडून थोडी पुढे गेले. राज्यातील रहिवाशांच्या, व्यक्तिगत माहितीच्या, संरक्षणासाठी. तोंडात धरून धरून एकेक शब्द सोडला. संरक्षण म्हणजे राखण, हे मला ठाऊक होतं. माझी राखण करायची गरज सरकारला एकाएकी का पडली, हे मात्र कळेना. कुणी राखायला लागलं की मी आधी विचारते, तुम्ही नेलंत काय? दुसऱ्या दुपारी कळलं की नवे नियम लागू झालेत आणि त्या नियमांनी मला काही कळवणं त्यांना भाग आहे. तिसऱ्या दुपारी मी ती ओळ वाचली. आपले नाव असलेली एक बंद नोंद मागील दहा वर्षांच्या कालावधीत संबंधित व्यक्तीने पाहिली आहे. तपशील समक्ष, ओळख पटविल्यानंतर देण्यात येईल. मी ती ओळ चार वेळा वाचली आणि चारही वेळा तीच होती. चादरींचं पाणी माझ्या पायाशी टपटपत होतं आणि पुढून सूनबाई कुणाला तरी सांगत होती, "पडदे शनिवारी मिळतील, काका."

बंद नोंद. माझ्या आयुष्यात बंद म्हणावी अशी एकच नोंद आहे. ती मी बंद केली, माझ्या मालकांनी बंद केली आणि कोर्टातल्या एका टकल्या कारकुनाने शिक्का मारून बंद केली. शिक्का मारताना तो म्हणाला होता, "बाई, आता ही कुणी उघडणार नाही. नवी नोंद तुमच्या नावाची." त्याच्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग होता आणि तो कशाने निघेल हे मला माहीत होतं, पण मी त्याला सांगितलं नाही, कारण माझ्या हातात अकरा दिवसांचं मूल होतं आणि ते रडेल अशी मला भीती वाटत होती. ते रडलं असतं तर मागे बाकावर बसलेली माझी धाकटी बहीण उठली असती. तिला उठायचं नव्हतं, असं ठरलं होतं. ती उठली नाही. अठरा वर्षांची होती. पाच महिने ती माझ्याकडे 'दुकानात मदतीला' होती, त्यातले शेवटचे दोन आम्ही दोघींनी दूरच्या गावी एका खोलीत काढले आणि परत आलो तेव्हा बाळ माझ्या मांडीवर होतं. लग्नाला चार वर्षं होऊन माझी कूस रिकामी होती. लोकांनी बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पोटाकडेही पाहिलं असेल. मी कुणाला विचारायची जागाच ठेवली नाही. मान वर करून चालणाऱ्या बाईला लोक फार प्रश्न विचारत नाहीत. मालक म्हणाले, "झालं. हा विषय आता संपला." मालकांचे विषय असेच संपत. माझे संपत नसत.

तर ही नोंद कुणीतरी पाहिली होती. कुणीतरी म्हणजे संबंधित व्यक्तीने. त्या शब्दावर माझं बोट थांबलं ते थांबलंच. सं, बं, धि, त. ज्याचा संबंध आहे तो. आपल्यात आपण काय म्हणतो, त्या घराशी आमचा संबंध नाही, त्या माणसाशी संबंध ठेवायचा नाही. संबंध म्हणजे नातं. सरकारने मला सरळ नाव लिहिलं नव्हतं, पण एवढं सांगितलं होतं की बघणारं माणूस परकं नाही, नात्यातलं आहे. मी नात्यातली माणसं मोजली. मालक गेले, धाकटी गेली. उरलो मी, मुलगा, आठ महिन्यांची नात आणि सूनबाई. मुलगा कागदाला हात लावत नाही, विजेचं बिलसुद्धा तो लांबूनच बघतो. नातीला अजून दात यायचेत. मग कोण उरलं हे सांगायला चौथीची उरलेली निम्मी शिकायची गरज नव्हती.

आणि मग मागच्या सगळ्या गोष्टी आपोआप जागच्या जागी बसायला लागल्या, जशा गाठोड्यातले मोजे जोडीने सापडायला लागतात. नात जन्मली तेव्हा सूनबाईने दवाखान्यात मला विचारलं होतं, "आई, हे जन्मले तेव्हा किती वजनाचे होते?" मी म्हटलं, "तीन किलो." ताडकन म्हटलं. मग दोन महिन्यांनी बाळाला तोलताना तिने परत विचारलं आणि मी म्हटलं, "अडीच असेल." ती म्हणाली, "मागे तीन म्हणालात." मी म्हटलं, "मागे मी तरुण होते." ती हसली. तेव्हा मला ते हसणं साधं वाटलं होतं. आपल्या मुलाचं वजन आई विसरत नाही. मी विसरले नव्हते, मला ते कधी माहीतच नव्हतं. परिचारिकेने ते धाकटीला सांगितलं होतं आणि धाकटीने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढी एकच गोष्ट तिने स्वतःपाशी ठेवून घेतली होती. मग सूनबाईने एकदा अल्बम काढला होता आणि विचारलं होतं, "आई, तुमचा पोट दिसणारा एकही फोटो नाही?" मी म्हटलं, "आमच्या वेळी पोटाचे फोटो काढत नव्हते, तोंडाचे काढत होते." शिवाय ती रोज सकाळी अर्धा दिवस विमा कचेरीत कागदांवरच काम करते, तिथे लोकांचे जन्म आणि मरणं चाळते. तिला कुठल्या खिडकीवर कुठला अर्ज द्यायचा हे कळणारच.

मी पत्र कपाटात साड्यांच्या तळाशी ठेवलं आणि वर लाल धागा ठेवला, आडवा, एका टोकाला जरा वळवून. धागा ही माझी अक्षरं आहेत. लाँड्रीत गिऱ्हाइकाचं नाव मी कधी लिहिलं नाही. कॉलरच्या आत दोन टाके घालते, कुणाला निळे उभे, कुणाला पिवळी फुली, कुणाला गाठ. चारशेच्या वर खुणा आहेत आणि सगळ्या डोक्यात. मुलाने एकदा कॉम्प्युटर आणला आणि म्हणाला, "आई, ह्यात सगळी यादी घालू." मी म्हटलं, "घाल, पण खूण कुणाची ते मी सांगणार नाही." का सांगू? ह्या रस्त्यावर एक गृहस्थ आहेत, त्यांचे शर्ट दोन घरांतून येतात. मी एकाच माणसाला दोन खुणा दिल्यात, म्हणजे ह्या घरचा शर्ट चुकूनही त्या घरच्या पिशवीत जायचा नाही. त्यांना वाटतं मला माहीत नाही. खिशात निघालेल्या चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटं, एकदा तर एक दात, सगळं मी कागदात गुंडाळून कपड्यांबरोबर परत करते आणि तोंडातून शब्द काढत नाही. सरकारला माहितीची राखण शिकायची होती तर माझ्याकडे यायचं. तर तो धागा मी दोन दिवस बघत होते. दोन्ही दिवस जागच्या जागी. वळवलेलं टोकसुद्धा तसंच. दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. मला वाटलं, बया किती सफाईची आहे, धागा पाहिला आणि हलवलाच नाही.

रविवारी दुपारी जेवताना मी विषय काढला. काढला म्हणजे असा की कुणाला विषय काढलाय असं वाटू नये. म्हटलं, "हल्ली कचेऱ्यांमध्ये कुणीही उठून कुणाचेही कागद बघतो म्हणे." सूनबाई बाळाला भरवत होती. म्हणाली, "नाही हो आई, आता कायदा आलाय. बघितलं तर नोंद होते, कोणी बघितलं, कधी बघितलं." मी म्हटलं, "तुला बरं माहीत." ती म्हणाली, "आमच्याकडे ट्रेनिंग झालं ना. माझं तर डोकं उठलं." मी म्हटलं, "डोकं उठलं की वजनं आठवत असतील माणसांची." तिने चमचा थांबवला. "कुणाची वजनं?" "आमच्या वेळी सुना सासूच्या पोटात शिरून वजनं विचारत नव्हत्या." ती मुलाकडे बघून म्हणाली, "अहो, बघा ना. मी तुमचं जन्मावेळचं विचारलं होतं, आईंचं थोडंच विचारलं." मुलगा ताटात बघत जेवत होता. तो म्हणाला, "आई, तिला खाऊ दे ग." एवढंच. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही आणि तिच्याकडेही पाहिलं नाही. मला वाटलं, तिने ह्याला अजून सांगितलं नसावं. सांगितलं असतं तर हा असा जेवू शकला नसता. मग वाटलं, ती वाट बघतेय. कशाची, ते ठरवता येईना. पण ज्याच्या हातात अशी गोष्ट असते त्याला घाई नसते, हे मला स्वतःवरून ठाऊक होतं.

मी सोमवारी गेले. घरी सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे. कचेरी नवी होती, भिंतींना रंगाचा वास. दारातल्या मुलीने मला एक चिठ्ठी दिली आणि म्हणाली, "इथे नाव पुकारत नाहीत, नंबर पुकारतात. तुमची माहिती खाजगी राहावी म्हणून." माझा नंबर सत्तेचाळीस. मी बाकावर बसले. इतर माणसंही चिठ्ठ्या धरून बसली होती आणि सगळी एकमेकांकडे असं बघत होती की ह्याचं काय उघडं पडलंय. एक बाई रुमाल चुरगाळत होती, तिच्या ब्लाउजच्या बाहीला माझ्या दुकानाची हिरवी गाठ होती. मी ओळखलं. तिने मला ओळखलं नाही, कारण मी काउंटरमागे नव्हते. मी दुसरीकडे बघितलं. तेवढी राखण मी अजूनही करते.

आतल्या खोलीत एक बाई अधिकारी होती, माझ्या मुलाएवढी. तिने दार लावलं, कॉम्प्युटरचा पडदा आपल्या बाजूला वळवला आणि म्हणाली, "आजी, अंगठा ठेवा." मी म्हटलं, "बाई म्हणा. आजी मी एकाच मुलीची आहे." ती ओशाळली. "बरं, बाई. अंगठा ठेवा." मी ठेवला. यंत्र लाल झालं. दुसरं बोट, लाल. दहाही बोटं लाल. सोड्याने आणि इस्त्रीने माझ्या बोटांवरच्या रेघा केव्हाच गेल्यात. अधिकारी म्हणाली, "मग प्रश्न विचारावा लागेल. फक्त तुम्हालाच माहीत असेल असा." तिने पडद्यावर बघितलं आणि विचारलं, "तुमच्या पहिल्या अपत्याची जन्मतारीख?" मी सांगितली. तिने टाइप केली आणि यंत्र हिरवं झालं. इतकी वर्षं जे खोटं मी तोंडपाठ केलं होतं, त्याच्यावर सरकारने मला ओळखलं.

मग मी तिला सरळ विचारलं. म्हटलं, "माझ्या नात्यातल्या बाईने माझा कागद बघितलाय. मला तारीख सांगा आणि तिचं नाव लिहून द्या. पुढचं मी बघून घेईन." ती म्हणाली, "नात्यातल्या बाईने असं कुठे लिहिलंय?" मी पत्र काढलं आणि बोट ठेवलं. "हे काय. संबंधित." तिने माझ्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसली नाही, तेवढं तिचं मी मानते. म्हणाली, "बाई, संबंधित म्हणजे नातेवाईक नाही. संबंधित व्यक्ती म्हणजे ज्याची ती माहिती आहे तो." मी म्हटलं, "माझीच आहे. माझं नाव आहे तिच्यात." "नाव तुमचं आहे. आणखीही एक नाव आहे. म्हणून तर आम्ही तुम्हाला कळवलं, नोंदीत ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना कळवावं लागतं. पण नोंद जन्माची आहे. ज्याचा जन्म, त्याची माहिती. तो सज्ञान झाला की स्वतः येऊन, ओळख दाखवून ती बघू शकतो. दुसऱ्या कुणाला आम्ही दाखवत नाही. दुसरं कुणी आमच्याकडे आलेलं नाही, कुणी चोरून बघितलेलं नाही." मी विचारलं, "तो म्हणजे कोण?" ती म्हणाली, "बघणाऱ्याचं नाव मला सांगता येत नाही, तीही खाजगी माहिती होते. पण त्या नोंदीत जन्मलेलं मूल एकच आहे, बाई."

खोलीत पंखा फिरत होता. मला आठवतं, मी त्याचा आवाज ऐकत होते आणि त्याला तेल घालायला हवं असं मनाशी म्हणत होते. मग मी तारीख विचारली. ती तिला सांगता येत होती. तिने सांगितली. आठ वर्षांपूर्वीची. आकड्यांत मी कुणाला हार जात नाही. सूनबाई आमच्या घरात आली त्याला चार वर्षं झाली. धाकटी गेली त्याला सहा. म्हणजे धाकटी पुढे दोन वर्षं जिवंत होती, आणि त्याला माहीत होतं.

धाकटीने लग्न केलं नाही. दर रविवारी यायची. लहानपणी तो धावत तिच्याकडे जायचा, 'मावशी' म्हणून तिच्या गळ्यात पडायचा आणि मी स्वयंपाकघरातून घड्याळाकडे बघायची, किती वेळ मांडीवर घेते ते. जास्त झालं की हाक मारायची, "अरे, मावशीला दमवू नकोस." ती लगेच खाली ठेवायची. तिने मला कधी शब्दाने दुखवलं नाही, आणि तिची तीच गोष्ट मला सगळ्यांत जास्त टोचत आली. तिने एकदा तरी भांडायला हवं होतं, म्हणजे मला जिंकता आलं असतं. आठ वर्षांपूर्वी, हो, त्याच सुमाराला, तो तिला रविवारी बसपर्यंत पोचवायला जायला लागला. आधी कधी जात नसे. मी म्हटलं होतं, "बस चुकणार आहे का तिची, इतकी वर्षं एकटी जातेय." तो म्हणाला होता, "पाय मोकळे करून येतो, आई." तासतासभर पाय मोकळे व्हायचे. तेव्हा मला वाटायचं, ती माझ्या तक्रारी सांगते. त्या अंतरात ते काय बोलले असतील, बोलले असतील तरी की नुसते चालले असतील? आणि ती दवाखान्यात होती ते सात आठवडे तो रोज दुपारी डबा घेऊन गेला. मी दुकान सोडून दोनदाच गेले. लोकांना मी कौतुकाने सांगायची, मावशीवर फार जीव आहे त्याचा. लोक म्हणायचे, तुमचे संस्कार.

मग राग आला. त्याचा आला, तिचा आला, मेलेल्या माणसाचा राग येतो तसा, कुठे ठेवावा ते कळत नाही असा. नंतर भीती आली आणि ती रागापेक्षा जड होती. आठ वर्षं हा मला आई म्हणतोय. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मी त्याच्या आठ वर्षांच्या हाका एकेक करून उलट्या करून बघायला लागले, आतून कुठे शिवण सुटलीय का. आई, चहा झाला का. आई, चष्मा कुठे ठेवलास. आई, तिला खाऊ दे ग. कुठली खरी, कुठली सवयीची, कुठली कीव करून दिलेली? आणि ती सात आठवड्यांतली दुपार, कुठलीही एक, दार लोटलेलं, परिचारिका बाहेर. मी अधिकारीबाईला विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं. "तेव्हा दवाखान्यात तो तिला काय म्हणून हाक मारायचा, ते कळेल का?" तिने पडद्यावरून नजर काढली. मग म्हणाली, "ती नोंद आमच्याकडे नसते, बाई."

तिने एक कागद पुढे केला. शेवटी एक ओळ होती. ती म्हणाली, "वाचून दाखवू का?" मी म्हटलं, "दाखवा." पहिल्यांदाच मी कुणाला हो म्हटलं असेन. तिने वाचलं, "सूचना मिळाल्याचे संबंधित व्यक्तीस कळवावे काय? होय, नाही." मग समजावलं. होय म्हटलं तर त्याला पत्र जाईल की तुमच्या आईला कळलंय. नाही म्हटलं तर त्याला कधीच कळणार नाही की तुम्हाला कळलं. एकदा लिहिलं की बदलता येत नाही. मी विचारलं, "माणसं काय लिहितात?" ती म्हणाली, "ते मला सांगता येत नाही." बरोबर होतं तिचं. मी जरा मोठ्या आवाजात म्हटलं असेन, "मग तुम्हाला सांगता काय येतं?" ती म्हणाली, "एवढंच की घाई नाही."

मी बसून विचार केला. होय लिहिलं तर पाकीट येणार, सूनबाई ते हातात धरून म्हणणार, अहो तुमच्या नावाचं आलंय. तो उघडणार. मग संध्याकाळी तो माझ्यासमोर येऊन बसणार आणि आम्हा दोघांना बोलावं लागणार. तो म्हणेल, तरीही तूच माझी आई. हे वाक्य मला ऐकायचं नव्हतं. ज्याला 'तरीही' लागतं ते मला नको. मी इतकी वर्षं 'तरीही'शिवाय राहिले होते. आणि दुसरी गोष्ट अशी की आठ वर्षं त्याने जे माझ्यापासून लपवलं ते माझ्यासाठी लपवलं की स्वतःसाठी, हे मला ठाऊक नव्हतं. स्वतःसाठी असेल तर ते त्याचं होतं. ज्याचा जन्म त्याची माहिती, असं ती म्हणाली होती. मला ते पटायला वेळ लागला. मला वाटत होतं तो जन्म माझ्या मालकीचा आहे, शिक्का मारून दिलेला. मी 'नाही'वर फुली मारली. मग सही केली, माझी सही मोठ्या अक्षरांची असते, चौकटीबाहेर गेली. अधिकारीबाई म्हणाली, "चालेल."

घरी आले तेव्हा तिन्हीसांज व्हायची होती. सूनबाई काउंटरवर पडद्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "आई, दात काढला का?" मी म्हटलं, "नाही. आहेत ते राहू दे म्हणाले." तिच्याकडे नीट बघितलं. बाळ रात्री जागवत असावं, डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी म्हटलं, "जा, पड जरा. घड्या मी घालते." तिला इतकं आश्चर्य वाटलं की ती माझ्याकडे मागे बघत बघत जिना चढली. आता तिला माझा संशय आला असणार, आणि येऊ दे. कोपरा पोस्टातच उचकटला असेल. किंवा नसेल. तिची चौकशी मी अजून पूर्ण बंद केलेली नाही.

मुलगा मागे इस्त्रीच्या टेबलाशी होता. वाफ त्याच्या तोंडावर येत होती आणि तो मान जरा बाजूला घेऊन बाही सपाट करत होता. मी शेजारच्या टेबलापाशी उभी राहिले आणि शर्ट उचलून हँगरला लावायला लागले. बराच वेळ आम्ही नुसतं काम केलं. आजवर मी लोकांना सांगत आले की आमचा मुलगा अबोल आहे, स्वभावच तसा. आता बघत होते तर वाटलं, हा स्वभाव नसेलही, हे त्याने रोज उठून केलेलं काम असेल, आणि मी शेजारी उभी राहून ते कधी पाहिलं नसेल. तो म्हणाला, "आई, दमलीस का?" ती हाक मी उलटी करून बघणार होते, पण तेवढ्यात त्याने मान वाकवली, कपाळावरचा घाम मनगटाच्या मागच्या बाजूने पुसला, आणि तो अगदी तिच्यासारखा पुसला. हे मी त्याच्या लहानपणापासून बघत आले होते. बघून दरवेळी दुसरीकडे बघत आले होते, आणि कुणाला ते बोलायची सोय ठेवली नव्हती. भाचा मावशीवर जातो, ह्यात जगावेगळं काही नाही. कुठल्याही घरात हे सहज बोललं जातं. आमच्या घरात छत्तीस वर्षांत ते एकदाही बोललं गेलं नव्हतं.

मी शर्टाचं वरचं बटण लावत म्हटलं, "मावशीवर गेलायस तू."

इस्त्री थांबली. वाफ तशीच येत राहिली. मी त्याच्याकडे बघितलं नाही, दुसरा शर्ट घेतला. थोड्या वेळाने टेबलावर इस्त्री परत सरकल्याचा आवाज आला.

"हो," तो म्हणाला. "लोक म्हणायचे."

कोण लोक, ते मी विचारलं नाही.